काळी चार की पांढरी पाच : मिरजेतलं नवरात्र

नवरात्र संपून दोन आठवडे झाले, घरात दिवाळीची साफसफाई निघालीय, तरी माझं मन अजून मिरजेतच आहे. म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहून टाकावं.

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. तिथून मिरज म्हणजे सिटी बसनं तिकीट काढायच्या आत संपणारा प्रवास, पण खरं सांगते, लग्न होऊन सोळा वर्षं झाली आणि ह्या सोळा वर्षांत नवरात्रातलं तिथल्या अंबाबाईच्या देवळातलं शास्त्रीय गाणं मी सलग असं कधी ऐकलंच नव्हतं. कधी अष्टमीला, कधी एखादं मोठं नाव असेल तर, तेही मध्येच उठून, कारण घट बसलेले असतात, उपासाचं वेगळं करायचं, सकाळी पेढीवर जायचं. मी मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर हिशेब बघते आणि सप्टेंबरअखेर म्हणजे आमच्याकडे ऑडिटची धावपळ. यंदा मात्र मालकांना जूनमध्येच सांगून ठेवलेलं की नवरात्रात मला रोज संध्याकाळी पाचला सोडा आणि तीन दिवस सकाळची अर्धी सुट्टी द्या, बाकीचं काम मी रविवारी येऊन करते. त्यांनी दिली. घरी ह्यांनी आणि जाऊबाईंनी सांभाळून घेतलं, दोन्ही वेळची भगर आणि शेंगदाण्याची आमटी जाऊबाईंनीच केली नऊ दिवस.

सकाळची सुट्टी कशासाठी, तर वर्कशॉपसाठी. मिरजेत आमच्या ओळखीच्या एक गाण्याच्या बाई आहेत, आता वय झालंय, कार्यक्रम करत नाहीत पण शिकवतात. त्यांनी नवरात्रात तीन दिवस सकाळी दहा ते एक असं त्यांच्याच घराच्या माडीवर ठेवलेलं, आम्ही सगळे मिळून चौदाजण. विषय काय तर फक्त तंबोरा. राग नाही, बंदिश नाही, ताना नाहीत. मला आधी वाटलेलं की तीन दिवस तंबोऱ्यावर काय बोलणार, चार तारा तर असतात.

आता माझं सांगते. मी लहानपणी पाच वर्षं गाणं शिकले, दोन परीक्षा दिल्या, मग दहावी आली आणि ते सुटलं. मुलगी पाचवीत गेल्यावर परत सुरू केलं आणि तेव्हापासून आजपर्यंत मोबाईलवरच्या तंबोऱ्याच्या अ‍ॅपवरच रियाज. सूर निवडायचा, काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी तो आपला सा, बटण दाबायचं, फोन स्वयंपाकघरातल्या कट्ट्यावर ठेवायचा आणि गायचं. अ‍ॅपला नावं ठेवायची नाहीत मला, ते नसतं तर माझं गाणं परत सुरूच झालं नसतं, पहाटे साडेपाचला घरात दुसरं वाद्य कोण लावून देणार होतं? पण त्या अ‍ॅपमुळे माझं काय राहून गेलं ते ह्या नऊ दिवसांत कळलं.

पहिल्या दिवशी बाईंनी तंबोरा पुढ्यात घेतला आणि मुद्दाम चारही तारा उतरवून ठेवल्या. म्हणाल्या, "लावा." माझी पाळी तिसरी. पहिली तार पंचमाची म्हणजे 'प'ची, मधल्या दोन जोडाच्या, त्या षड्जाच्या म्हणजे 'सा'च्या, आणि शेवटची पितळेची खर्जाची म्हणजे खालच्या 'सा'ची, एवढं पुस्तकातलं माहीत होतं. पण हातानं खुंटी पिळायची म्हणजे काय ते माहीत नव्हतं, जरा पिळली की सूर पार वर, सैल केली की गडगडत खाली, आणि त्यात परतीच्या पावसाची हवा, दमट हवेत खुंट्या नीट बसत नाहीत, तर बाईंनी खडूचा तुकडा काढून दिला, खुंटी बाहेर काढून तिला खडू लावायचा आणि परत दाबून बसवायची. जोडाच्या दोन तारा एकमेकींशी जुळवायला मला वीस मिनिटं लागली. दोन तारा अगदी जवळ आल्या की लाटा येतात, वांव् वांव् वांव् असा आवाज हलत राहतो, आणि जसजशा त्या जुळत जातात तसतशी ती लाट लांबत जाते आणि एका क्षणी थांबते. बाई म्हणाल्या, "ती थांबली ना, तिथं हात काढा." मग खालचे मणी, तारेत ओवलेले असतात ते, केसभर पुढे सरकवले की उरलेला फरक निघतो. ही लाट मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. अ‍ॅपमध्ये सगळं आधीच जुळलेलं येतं ना, न जुळलेलं कसं असतं तेच कधी कानावर पडत नाही. मग जुळलेलं ओळखायचं कशावरून?

वाजवायचं पण शिकवलं. पंचमाची तार मधल्या बोटानं, बाकीच्या तीन तर्जनीनं, बोट तारेवरून नुसतं सरकवायचं, ओढायचं नाही. आणि तबल्याच्या लयीशी त्याचा काही संबंध ठेवायचा नाही. आमच्यातली एक मुलगी सारखी तालात जायला लागलेली, तिला बाईंनी डोळे मिटून वाजवायला लावलं.

मग त्यांनी माझ्याकडून सा लावून घेतला. काळी चारचा. एकदा, दोनदा, पाचदा. नंतर गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "काळी चार कुणी ठरवली तुमची?" मी म्हटलं लहानपणी सरांच्या पेटीवर तीच होती. "तेव्हा तुमचं वय काय होतं?" नऊ. त्यांनी काही न बोलता चारही तारा थोड्या थोड्या उतरवल्या आणि पांढरी पाचवर आणल्या, म्हणजे फक्त अर्धा स्वर खाली, आणि म्हणाल्या आता गा. काय सांगू, गळ्यात कुठेतरी एक गाठ होती ती सुटल्यासारखं झालं. मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला पंचम, जो मला कधीच नीट लागायचा नाही, तो लागला. एवढी वर्षं मी नऊ वर्षांच्या मुलीच्या पट्टीत गात होते. अ‍ॅपमध्ये पट्टी बदलायचं बटण आहे, ते समोरच असतं, पण ते बदलावं असं मला कधी सुचलंच नाही, आणि फोन तर काय विचारणार नाही की बाई गं, तुझा आवाज आज कुठे आहे.

त्या दिवशी संध्याकाळी देवळात गेले तेव्हा पहिली पंधरा मिनिटं मी गायिकेकडे बघितलंच नाही. मागं तंबोऱ्यावर बसलेल्या दोघींकडे बघत होते. त्या गायिका आल्या, नमस्कार केला, आणि तंबोरे लावायला घेतले, लोक बोलत होते, कुणी प्रसाद वाटत होतं, लहान मुलं पळत होती, माईकमधून आवाज टेस्ट चाललेला, आणि त्या सगळ्यात त्यांनी मान एका बाजूला करून कान भोपळ्याजवळ नेलेला. आधी मला हा वेळ म्हणजे कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीचा फुकट वेळ वाटायचा. आता वाटतं गाणं तिथंच सुरू झालेलं असतं.

दुसऱ्या दिवशीचा भाग मला सगळ्यात आवडला, जरा सविस्तर सांगते. बाईंनी खिडक्या बंद केल्या, पंखा बंद केला आणि फक्त खर्जाची तार छेडली. म्हणाल्या, काय ऐकू येतंय? सगळ्यांनी सांगितलं सा. परत छेडली. आता त्याच्या आत ऐका. तिसऱ्या चौथ्या वेळेला कुणीतरी म्हणालं पंचम. बरोबर. मग बराच वेळ कुणालाच पुढे काही नाही. मी डोळे मिटून बसलेले, आणि अचानक वर कुठेतरी, खूप बारीक, एखादी बाई लांबून गुणगुणतेय असा गंधार, म्हणजे 'ग', आला. कुणी तो वाजवलेला नव्हता. तारेवर गंधार लावलेलाच नाही, तरी तो येतो. ह्यालाच स्वयंभू गंधार म्हणतात. तार हलते तेव्हा ती एकसंध हलते, शिवाय दोन भागांत, तीन भागांत, चार, पाच भागांतही हलत असते, तिसऱ्या भागाचा येतो तो पंचम आणि पाचव्याचा गंधार. मी हिशेबातली बाई असल्यामुळे मला हे पाचाचं गणित फार आवडलं.

आणि मग त्यांनी पेटीवर गंधार वाजवून दाखवला. लगेच कळला फरक, पेटीचा गंधार चढा आहे. दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर पेटीचा गंधार तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा साधारण चौदा भाग वर असतो, कारण पेटीचे बारा स्वर सारख्या अंतरावर बसवलेले असतात. आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातलेली आणि ती बरीच वर्षं होती, त्यामागं एक कारण हेही होतं की पेटीला आपले स्वर नीट काढता येत नाहीत. बाई स्वतः पेटीच्या विरोधात नाहीत, त्यांच्याकडे दोन पेट्या आहेत, पण म्हणाल्या की गंधार शिकायचा तर ह्याच्याकडून शिका, आणि तंबोऱ्यावर हात ठेवला. दुपारी पेढीवर जाऊन मी हळदीच्या पावत्या तपासत होते आणि डोक्यात तोच गंधार.

संध्याकाळी त्याचा उपयोग लगेच झाला. रात्री उशिरा मालकंस राग होता. मालकंसात पंचम नाहीच, मग पंचमाची तार कशी चालेल, तर गायकांनी माईकवरून काही न सांगता ती उतरवून मध्यमावर आणली. आधीचा राग संपल्यावर खुंटी हलली आणि अख्ख्या देवळाचा रंगच बदलला. पंचम असतो तेव्हा तंबोरा कसा चौरस बसल्यासारखा वाटतो, मध्यम आला की तो खोल जातो. माझ्या शेजारी एक आजोबा बसलेले, डोक्याला टोपी, हातात पिशवी, त्यांनी खुंटी हलताक्षणी "मालकंस" असं पुटपुटलेलं, एक स्वरही गायला नव्हता अजून. मी त्यांना विचारलं तर म्हणाले, "पोरी, चाळीस वर्षं हितंच बसतोय की, ह्या खांबाजवळ." मिरजेत हे असे लोक भेटतात. कुणी रेल्वेत होतं, कुणाचं किराणा दुकान आहे, कुणी नर्स आहे, आणि सगळ्यांना कान आहे.

ह्याला कारणं आहेतच. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथं राहून शिकवायचे, ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात त्यांनी आणली. विष्णु दिगंबर पलुस्कर मूळचे कुरुंदवाडचे, लहानपणी दारूकामात डोळ्यांना इजा झाली आणि मिरजेच्या राजांनी त्यांना बुवांकडे शिकायला ठेवलं, पुढे त्यांनीच १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. मी लहानपणी ज्या दोन परीक्षा दिल्या त्या गांधर्वच्याच, म्हणजे माझ्या त्या दोन सर्टिफिकेटांचं मूळ असं फिरून परत मिरजेतच येतं. आणि अब्दुल करीम खाँसाहेब. १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीला जाताना गाडीत त्यांना बरं वाटेना, २७ ऑक्टोबरला सिंगपेरुमाळकोईल स्टेशनवर उतरले आणि तिथंच फलाटावर तंबोरा लावून घेऊन दरबारी राग गायले आणि गेले. त्यांना इथं आणलं, मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, उरसाला तिथं दरवर्षी गाणं होतं. पंचमीच्या सकाळी मी आणि आणखी दोघी तिथं जाऊन आलो. ही गोष्ट मी पूर्वीही ऐकलेली, पण तेव्हा माझ्या मनात फक्त दरबारी राहिलेला. ह्यावेळी मनात आलं की मरणाच्या दारात असलेल्या माणसानंही आधी तंबोरा लावायला सांगितला.

एक वाईट अनुभव पण लिहिते, कारण त्याचा मला खरंच राग आलेला आहे. त्याच आठवड्यात सांगलीत दुसऱ्या एका ठिकाणी, हॉलमध्ये, तिकीट लावून एक कार्यक्रम होता, नाव लिहीत नाही. गायक चांगले, आवाज सुंदर, आणि स्टेजवर दोन उत्तम तंबोरे. पण साऊंडवाल्यांनी तबला आणि पेटी एवढी वर ठेवलेली की तंबोरा नुसता दिसत होता. गायकांनी दोनदा हातानं खूण केली. कुणी बघितलं नाही. मध्यंतरात मी स्वतः जाऊन म्हटलं की तंबोऱ्याचा माईक जरा वाढवा, तर तो मुलगा म्हणाला, "मॅडम, त्याचा नुसता गुंईं आवाज येतो, म्हणून कमी केलाय." त्या मुलाचा दोष आहे असं मला वाटत नाही, त्याला कुणी कधी शेजारी बसवून ऐकवलेलंच नाही की तो गुंईं आवाज म्हणजेच गाणं ज्याच्यावर उभं आहे तो पाया आहे. पण आयोजकांनी सांगायला नको का? माझं तर म्हणणं आहे की साऊंडचं काम करणाऱ्या पोरांसाठी असं एक वर्कशॉप ठेवलं पाहिजे, आणि बाईंना मी तसं म्हटलंय पण.

वर्कशॉपचा तिसरा दिवस मिरजेच्या सतारमेकर गल्लीत, जिथं सतारी-तंबोरे करतात तिथं. जिना चढून वर गेलो तर सगळीकडे भोपळे. छताला टांगलेले, कोपऱ्यात रचलेले, अर्धे कापलेले. हे खायचे भोपळे नाहीत, कडू जातीचे, जाड सालीचे, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. ते वेलावर पूर्ण पिकवून वाळवायचे, मग इथं आणल्यावर पाण्यात भिजवून, कापून, आतनं साफ करून आकार द्यायचा. त्याला दांडी तुणीच्या लाकडाची, पुढे तबली, म्हणजे भोपळ्यावर बसणारी लाकडी पाटी, मग नक्षीची पत्ती, मग पॉलिश. इथल्या कारागिरांचं घराणं मूळचं शिकलगारांचं, म्हणजे हत्यारं करणाऱ्यांचं, हत्यारांचं काम कमी झालं तशी त्यांनी एकोणिसाव्या शतकात वाद्यं करायला घेतली, आणि आता ह्या एका गल्लीतून तंबोरे देशभर जातात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा पेपरात वाचलेलं, पण मी दहा किलोमीटरवर राहूनही ह्या जिन्यावर कधी पाय ठेवला नव्हता ह्याचं मला फार वाईट वाटलं.

तिथं एक चाचा जवारी काढत बसलेले. तबलीवर ती घोडी असते ना, जिच्यावरून तारा जातात, तिचा माथा सपाट नसतो, किंचित उतरता असतो, आणि तार तिला हलकीशी घासत राहते, त्यातून तो झणकार येतो. तो उतार म्हणजे जवारी. चाचा कानशीनं दोनदा घासायचे, फुंकर मारायचे, तार चढवायचे, छेडायचे, मान हलवायचे, परत तार उतरवायची. परत दोनदा कानस. आम्ही तिथं दीड तास होतो आणि तेवढ्यात त्यांची एकच घोडी झाली. कुठलं मोजमापाचं यंत्र नाही, पट्टी नाही, सगळं कानावर. मग त्यांनी प्रत्येक तारेखाली सुताचा एक छोटा धागा घातला आणि तो घोडीवर मागंपुढं सरकवत गेले, एका जागी आला आणि तार एकदम उमलली. खरंच दुसरा शब्द नाही. मी म्हटलं चाचा, अजून जरा पुढे केला तर? त्यांनी करून दाखवलं, आवाज परत मिटला. "बघा ताई, तिची जागा तीच. हवा बदलली की जागा बी बदलती."

मी विचारलं की ही जवारी किती दिवस टिकते. तर वाजवण्यावर आहे म्हणाले, तार घासून घासून घोडीवर खाचा पडतात आणि मग परत काढावी लागते. लांबलांबून लोक त्यासाठी तंबोरा गोधडीत गुंडाळून रेल्वेनं मिरजेला येतात. खाली तरुण दोघं-तिघं काम करत होते, त्यातला एक जवारी शिकतोय, सहा वर्षं झाली. मी विचारलं, आता येते का? तर तो चाचांकडे बघून म्हणाला, "घासायला येतंय. कधी थांबायचं ते अजून शिकतोय."

बाकीच्या रात्रींचं थोडक्यात. एक रात्र पावसानं गेली, घरातनं निघालेच नाही. एक दिवस सतार होती, ती मी ऐकली पण त्या दिवशी इतकी दमलेले की मांडी घालून बसल्या बसल्या डोळा लागला. अष्टमीला गर्दी एवढी की बाहेर रस्त्यावर चप्पल ठेवायच्या जागेपाशी उभं राहून ऐकलं, तिथंच शेजारी एक मुलगा आईच्या कडेवर झोपलेला आणि आई त्याच्या पाठीवर विलंबिताचा ठेका धरून थोपटत होती. शेवटच्या रात्री भैरवी झाल्यावर लोक लगेच उठले नाहीत. तंबोरे खाली ठेवेपर्यंत बसून होते सगळे.

खंडेनवमीला मी परत त्या गल्लीत गेले, एकटीच. कारखान्यात अवजारांची पूजा मांडलेली, कानशी, करवती, गिरमिट सगळं पुसून ओळीनं, वर झेंडूची फुलं. मी चाचांना म्हटलं मला तंबोरा करायचाय. त्यांनी पट्टी विचारली. मी क्षणभर थांबले, कारण तोंडात सवयीनं काळी चारच येत होतं, आणि मग सांगितलं पांढरी पाच. त्यांनी मला तिथं बसवून एकदा सा लावायला सांगितला, ऐकला, हूं केलं आणि वहीत लिहिलं. मग तीन भोपळे उचलून टिचकी मारून बघितले, दोन परत ठेवले आणि एकावर खडूनं पां. ५ असं लिहून कोपऱ्यात वेगळा ठेवला. दिवाळी झाल्यावर चौकशी करा म्हणाले, पाऊस थांबून भोपळा नीट वाळला पाहिजे.

तोवर रोज पहाटे अ‍ॅपच लावते, पांढरी पाचवर. आणि रविवारी बाईंकडे जाते, त्या तारा उतरवून ठेवतात आणि मी लावते. पहिल्या रविवारी पाऊण तास लागला. काल पस्तीस मिनिटं, आणि गंधार दोनदा ऐकू आला.